पौषातला मृत्यू आणि लंडनची नोटीस

"बेटा, आपल्याच बापाचं पुस्तक चोरलं म्हणून माझ्यावर केस होऊ शकते काय?"

सुधाताई खुर्चीवर बसायच्या आधीच हे विचारून मोकळ्या झाल्या. हातात ईमेलचा प्रिंट होता. पाठवणारी कंपनी लंडनची. मजकूर असा की, तुम्ही इंटरनेटवर ठेवलेली फाइल ही आमच्या प्रकाशनाची बेकायदा नक्कल आहे. आम्ही ती काढायला लावली आहे. पुन्हा ठेवाल तर परिणाम भोगाल.

मी जबलपुरात ओमतीजवळच्या एका ऑफिसात ज्युनियर वकील आहे. आमच्या सरांकडे बहुतेक जमिनीची कामं येतात. कॉपीराइटचं काही आलं की ते नाक न मुरडता माझ्याकडे ढकलतात. मी ज्या घरात वाढले तिथे चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून जेवायची पद्धत होती, आणि प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एकच ओळ असे : कोणीही छापावं, कोणीही वाटावं. त्यामुळे माझं कॉपीराइटची वकील होणं हा माझ्या बापाला अजूनही घरभेद वाटतो.

आधी पुस्तकाबद्दल. राज्यांची फेरमांडणी झाली, नागपूर तिकडे गेलं, जबलपूर इकडे राहिलं, त्या सुमारास सुधाताईंच्या वडिलांनी नर्मदा परिक्रमेवर एक मराठी पुस्तक लिहिलं. ते शाळामास्तर, सगळ्यांचे गुरुजी. पायी फिरले, गावोगावचे घाट, विहिरी, मुक्कामाच्या जागा टिपल्या आणि स्वतःच्या हाताने नकाशे काढले. पुस्तक पदरमोड करून छापलं. पुढे नर्मदेवर बरगीचं धरण झालं आणि त्या नकाशातली बरीच गावं पाण्याखाली गेली. आता ती त्या नकाशातच उरली आहेत.

सुधाताई त्यांची एकुलती एक मुलगी, निवृत्त शिक्षिका, विजय नगरात राहतात. त्यांनी अख्खं पुस्तक स्कॅन करून फुकट ठेवलं होतं. उठवल्या गेलेल्या गावांतली माणसं त्यांना फोन करत. कोणी म्हणे, दीदी, हमारा कुआँ इसमें है. फाइल काढली गेल्यावर फोन चालूच राहिले, फक्त प्रश्न बदलला : दीदी, आपने हटा क्यों दिया?

त्यांना पैसे नको होते. ती फाइल परत हवी होती.

सरांनी प्रिंट वाचला. "एक माफीचं पत्र लिहून टाक. चलो, खतम."

"सर, माफी कशाची?"

"लंडनची कंपनी आहे."

"म्हणून?"

"म्हणून म्हणतो."

मी कंपनीचं पुस्तक मागवलं. गुळगुळीत कागद, आत लिहिलेलं की नकाशे 'नव्याने सिद्ध केले आहेत'. सुधाताईंनी त्यातल्या एका नकाशावर बोट ठेवलं. त्यांच्या प्रतीत एका नकाशाच्या कोपऱ्यात हळदीच्या बोटाचा ठसा होता, त्यांच्याच बोटाचा, लहानपणीचा. लंडनने नव्याने सिद्ध केलेल्या नकाशात तोच ठसा त्याच कोपऱ्यात होता. म्हणजे नक्कल कोणी कोणाची केली हा प्रश्न मिटला. त्यांनी सुधाताईंची फाइल उतरवून घेतली, छापली आणि मग सुधाताईंनाच चोर ठरवलं.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर आभार होते : जबलपुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचे, 'उदार परवानगीबद्दल'. अध्यक्ष मनोहरकाका. मी फोन केला.

"काका, परवानगी तुम्ही दिली?"

"मंडळाने दिली. ठराव झाला. ऑनलाइन सत्कार पण झाला माझा."

"पण हक्क सुधाताईंचा आहे."

"अच्छा? आणि गुरुजींची पुण्यतिथी दरवर्षी कोण करून राहिलं? मंडळच ना? हार मंडळाचा, फोटो मंडळाचा, पोहे मंडळाचे."

पोह्यांमधून कॉपीराइट उपजतो, हे मला कुठल्याही कायद्यात सापडलं नाही.

कायदा सांगते. आपल्याकडे पुस्तकाचा हक्क लेखक जिवंत असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. ही साठ वर्षं मृत्यूच्या दिवसापासून मोजत नाहीत, पुढच्या एक जानेवारीपासून मोजतात. म्हणजे एकतीस डिसेंबरला मेलेल्या लेखकापेक्षा एक जानेवारीला मेलेला लेखक वारसांना पूर्ण एक वर्ष जास्त देऊन जातो. इंग्लंडात साधारणपणे सत्तर वर्षं, पण परदेशी पुस्तकाला त्याच्या स्वतःच्या देशात मिळतं तेवढंच. अमेरिकेत त्या काळच्या पुस्तकांसाठी लेखक कधी मेला हे विचारतच नाहीत. कधी छापलं ते विचारतात आणि तिथून पंच्याण्णव वर्षं मोजतात. सगळ्या जगाचा मिळून एक कॉपीराइट नसतो. जिथे भांडण, तिथलं माप.

कंपनीने एकच माप घेतलं होतं. माझ्या पत्राला त्यांचं उत्तर आलं, लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षं झाली, हक्क संपला, पुस्तक सर्वांचं झालं. मग सर्वांचं झालेलं पुस्तक फक्त त्यांचं कसं झालं, हे त्या पत्रात नव्हतं. शिवाय ते पुस्तक अमेरिकेतही विकत होते. तिथे हक्क संपायला अजून पंचवीसेक वर्षं आहेत.

अमेरिकेपुरतं आपलं पक्कं होतं. भारतापुरता सगळा खेळ मृत्यूच्या वर्षावर होता. कंपनीने ते मंडळाने गुरुजींच्या फोटोखाली लावलेल्या फलकावरून घेतलं होतं. खरंच फलकावर ठळक अक्षरांत वर्ष होतं. ते धरलं तर हक्क संपल्यानंतरच्या वर्षात कंपनीचं पुस्तक आलं होतं, म्हणजे इथे ते निर्दोष.

तोवर एक काम अडलं होतं. फाइल जिथे होती ती वेबसाइट अमेरिकन. ती परत लावायची तर काउंटर नोटिस द्यावी लागते, म्हणजे 'तक्रार चुकीची आहे' असं सहीनिशी सांगायचं. त्यात एक अट असते : वाद वाढला तर तिथल्या कोर्टाचा अधिकार मला मान्य आहे.

सर खुर्चीतून अर्धे उठले. "यांना अमेरिकेच्या कोर्टात पाठवतेस काय? या वयात?"

सुधाताईंनी कागद ओढून घेतला. "काहून घाबरायचं? मी काय चोरलं?" सही केली आणि पेनचं टोपण लावून सरांना परत दिलं.

आता कंपनीपुढे दोनच वाटा होत्या : अमेरिकेत दावा लावायचा, नाहीतर फाइल परत येऊ द्यायची. कंपनीने तिसरी काढली. त्यांच्या दिल्लीच्या वकिलाचा फोन आला, आपण व्हिडिओवर बसू, सामोपचाराने मिटवू.

त्याआधी संक्रांत आली. कोर्टातून जाता जाता तिळाची गजक आणि लाडू घेतले आणि सुधाताईंकडे गेले. त्यांनी पुडा उघडला नाही.

"आमच्याकडे संक्रांत नाही, बेटा. बाबा त्या दिवशी गेले. घरात त्या दिवशी मूल जन्मलं असतं तर सण परत आला असता. नाही जन्मलं."

मी पुडा परत पिशवीत ठेवला आणि मनात हिशोब करायला लागले.

मंडळ पुण्यतिथी तिथीने करतं. पौष वद्यातली तिथी, शके अमुक. फलक लावताना कोणीतरी शकात अठ्ठ्याहत्तर मिळवून इसवी सन काढला, शाळेत शिकवतात तसा. पण नवा शक पाडव्याला लागतो. जानेवारीपासून पाडव्यापर्यंत अठ्ठ्याहत्तर नाही, एकोणऐंशी मिळवावे लागतात. आणि पौष असा महिना आहे की त्याचा एक पाय डिसेंबरात असतो आणि दुसरा जानेवारीत. तिथी वर्षागणिक इकडेतिकडे होते, संक्रांत मात्र जानेवारी सोडत नाही. गुरुजी फलकावरच्या वर्षात नाही, पुढच्या वर्षात गेले होते. कंपनीने पुस्तक काढलं ते हक्काचं शेवटचं वर्ष होतं.

"ताई, हे आधी का नाही सांगितलं?"

"कोणी विचारलंच नाही. सगळे तिथी विचारतात."

व्हिडिओच्या दिवशी दिल्लीचे वकील कोट घालून बसले होते. शेजारच्या चौकोनात मनोहरकाका, कंपनीचे साक्षीदार, सत्कारातली शाल पांघरून. मी संक्रांतीचं सांगितलं. वकील हसले.

"मॅडम, बेटी तो यही कहेंगी. उनका फ़ायदा है. मंडल का बोर्ड देखिए."

"चलो, बेटी को छोड़िए," मी म्हटलं. "काका, गुरुजी गेले तेव्हा तुम्ही कुठे होता?"

काकांना हाच प्रश्न साठ वर्षांत कोणी विचारला नसावा. ते सरसावले.

"मी? मी तर त्यांच्या दारातच होतो. सातआठ वर्षांचा असेन. गुरुजी प्रत्येक पोराला बोरं द्यायचे, म्हणून सगळ्यात आधी त्यांच्याकडेच पळत गेलो. पाहतो तर अंगणात माणसं जमलेली. माझ्या मुठीत तिळगूळ. कोणाला द्यावा कळेना. कोणी घेईना. तसाच घरी घेऊन आलो, हात चिकट झाला होता..." काकांचा आवाज बारीक झाला. "आईने हात धुतला माझा."

मग दिल्लीच्या वकिलांनी चष्मा काढला.

"तिलगुड़... मतलब मकर संक्रांति?"

"हाँ जी," काका म्हणाले. "और क्या?"

"वो तो जनवरी में होती है."

"हाँ तो?"

वकिलांनी आपला आवाज बंद केला. त्यांचे ओठ मात्र बराच वेळ हलत होते, बहुधा लंडनशी.

पुढचं पटकन झालं. चुकीची तक्रार जाणूनबुजून केली तर अमेरिकेत तक्रार करणाऱ्यावरच दावा होऊ शकतो. हळदीच्या ठशाचे दोन फोटो शेजारी शेजारी लावून मी तेवढं एका ईमेलमध्ये लिहिलं. कंपनीने तक्रार मागे घेतली, अमेरिकेतली विक्री थांबवली, उरलेल्या प्रती मागे घेतल्या आणि खेदाचं एक पत्र पाठवलं, ज्यात 'खेद' सोडून सगळे शब्द होते. फाइल परत लागली. माफीच्या पत्राचा विषय सरांनी नंतर काढला नाही. उलट बार रूममध्ये ते आता 'आमची लंडनची मॅटर' म्हणतात.

सुधाताईंना मी खरं तेही सांगितलं. ज्या वर्षासाठी भांडलो ते डिसेंबरअखेरच संपलं होतं. भारतात आता ते पुस्तक कोणीही छापू शकतं. मंडळ, कंपनी, कोणीही.

"छापू दे. बाबांनी काय कपाटासाठी लिहिलं? आपलं म्हणून मलाच दटावू नये, एवढंच." मग म्हणाल्या, "अमेरिकेत मात्र अजून माझं आहे म्हणतेस. बरगीकडचं एखादं पोर तिकडे गेलं असेल, त्याने आजोबाचं गाव पाहायचं तर मला विचारायचं काय? मी तोवर राहीन?"

त्यांनी माझ्याकडून एक ओळ लिहून घेतली आणि फाइलच्या पहिल्या पानावर लावली : कोणत्याही देशात, कोणीही वाचावं, छापावं, वाटावं, माझं एकट्याचं असं कोणी म्हणू नये. मी ती बापाला वाचून दाखवली. तो म्हणाला, एवढं शिकून शेवटी आमचंच पत्रक लिहिलंस.

दुसऱ्या दिवशी मनोहरकाकांचा फोन आला. फलकावरचं वर्ष दुरुस्त करणार का, म्हणून मी विचारणार होते. ते आधी बोलले.

"ती जी ओळ तुम्ही लावून राहिले, तिच्यासाठी मंडळाची परवानगी घेतली काय?"

कॉपीराइटला प्रत्येक देशात मुदत असते, कुठे साठ, कुठे सत्तर, कुठे पंच्याण्णव. मंडळाच्या अध्यक्षाला मुदत घालणारा देश मी अजून शोधते आहे.