तिघांच्या कवेतला ऐन

गोव्याची हद्द बंद झाली त्या साली करंजपालीत फौजेचा तळ पडला, आणि वासूचं नशीब उघडलं. बेळगावच्या एका स्टुडिओत दहा वर्षं ट्रे धुता धुता तो फोटो काढायला शिकला होता. पण जोयड्याच्या रानात फोटो काढून घेणार कोण? तळावरच्या जवानांना मात्र दर महिन्याला आपलं थोबाड घरी पाठवायचं असे. वासूनं कुडाच्या खोपटावर पाटी लावली आणि बायकोला, केशरला, कामाला जुंपलं. जुंपलं म्हणायचं एवढंच. दोन वर्षांत धंदा तिच्याच हातात आला. वीज नव्हती, निगेटिव्हची काच आणि कागद चौकटीत घालून उन्हात धरायचे. चौकट नेमकी कधी आत घ्यायची ते केशरला कळे, वासूला नाही.

साठ साली तळावरच्या मेजरसाहेबांची बदली ठरली. जाण्याआधी त्यांना आसपासच्या प्रेक्षणीय जागांचे बारा फोटो हवे होते. एक संच त्यांना, एक तळावरच्या जेवणघरात टांगायला. धबधबा झाला, सुळका झाला, दगडी देऊळ झालं. अकरावर गाडी अडली.

"कोनशेतच्या राईतलं ऐनाचं झाड काढा की," केशर म्हणाली.

कोनशेत म्हणजे कुंभारवाड्यापलीकडचं तिचं माहेर. तिथल्या देवराईत चप्पल घालून जायचं नाही, कोयता न्यायचा नाही, पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही. वासू गेला, फोटो काढून आला. केशरनं कागद धुतला आणि भडकली.

"हा ऐन? ही तर खराट्याची काडी!"

"झाड मोठं दिसायला शेजारी माणूस उभा करावा लागतो."

"एक कशाला? माझे तिघं भाऊ कव घालतील."

दुसऱ्या दिवशी वासूला घेऊन ती स्वतः गेली. थोरला भाऊ नागू गावचा गावकर. देवाचं सगळं त्याच्याकडे. तो बिचकला.

"बाय, देवाच्या झाडाला कुणी हात लावतंय व्हय?"

"दादा, जगाला कळू दे आपला देव केवढा हाय त्यो."

"जगाला कळून काय करायचंय?"

त्या दिवशी तेवढाच एक शहाणा प्रश्न विचारला गेला, आणि तो कुणी ऐकला नाही. धाकटा झिलू म्हणाला, "घाल रे दादा कव! वैनीला मिठी मारताना कुणी फोटू काढला न्हाई, झाडाला मारताना तरी काढू दे." सगळे हसले. नागूनं कौल लावला. पाकळी उजवीकडची पडली; देवाची परवानगी मिळाली. नागू, लखू आणि झिलूनं बुंध्याभोवती हात पसरले, बोटांना बोटं जेमतेम भिडली.

फोटो झकास आला. केशरनं तसा कागद पुन्हा कधी धुतला नाही.

पुढच्या वर्षी हद्दीकडच्या रस्त्यावर पुलाचं काम निघालं. लाकडाचा ठेकेदार तळावर जेवायला आला आणि भिंतीवरच्या त्या फोटोसमोर घास हातात धरून उभा राहिला. संध्याकाळी तो खोपटात आला.

"बाई, त्या फोटोतले तिघं कोण?"

"माझे सख्खे भाऊ!"

"धिप्पाड दिसतात. उंची काय असेल हो?"

"नागूदादा साडेपाच फूट. बाकीचे दोघं बोटभर कमी," केशर म्हणाली. कुणी भावांची उंची विचारली की बहीण फुलणारच. ठेकेदारानं गावाचं नाव विचारून घेतलं आणि आकडे सिगारेटच्या पाकिटावर लिहिले. हात पसरले की माणूस आपल्या उंचीएवढाच भरतो, हे त्याला ठाऊक होतं. रानात पाऊलही न टाकता त्याला बुंध्याचा घेर मिळाला.

महिन्याभरात करवतवाले आले. कागदावर राई देवाची नव्हतीच, ते सरकारी जंगल होतं. ऐन पडला. ट्रकसाठी वाट केलीच होती, म्हणून आणखी नऊ झाडं पडली. नागू अनवाणी उभा राहून बघत होता. करवतवाल्यांच्या पायांत वहाणा होत्या.

डिसेंबरात पुलावरून फौज गेली, गोवा सुटला, सगळ्यांनी पेढे वाटले. तळ उठला.

ठेकेदारानं फोटो बघून झाड हेरलं, हे कोनशेतला कळलं होतं. दोष कुणाला द्यायचा? देवाला देता येत नाही. कौल नागूनं लावलेला, पण तो गावकर. फोटो वासूनं काढलेला, पण तो जावई. उरली केशर. गणपतीच्या चवथीला तिला न्यायला दर साली भाऊ येत. ऐन पडला त्या साली कुणी आलं नाही.

"विसरले असतील," वासू म्हणाला.

"म्हशीला चारा घालायला विसरतात का ते?"

पुढच्या साली नाही, त्याच्या पुढच्या साली नाही. ती दरवेळी माहेरी न्यायला म्हणून तांदूळ भिजत घाली, वड्या करी आणि शेजारी वाटून टाकी. सहा वर्षं.

सदुसष्टात जीपवाल्या मारुतीनं सहज सांगितलं, "केशरबाय, तुमची आये गेली न्हवं का? परवा बारावा हाय." माहेरचं कुणी कळवायला आलं नव्हतं. वासू म्हणाला, नको जाऊस. ती गेली. जीपनं कुंभारवाडा, पुढं चालत.

अंगणात पंगत बसली होती. झिलू तिला बघून घरात गेला. लखूनं मान खाली घातली. नागूनं बघितलं आणि पुन्हा वाढू लागला. केशर ओटीची पायरी चढणार तोच नागूची बायको फुला आडवी आली. तिच्या हातात वाढलेलं पान होतं. ते तिनं अंगणाच्या कडेला, बाहेरचे मजूर बसतात तिथं ठेवलं.

"वैनी, मी आत बसते."

"हितंच बस, बाय. वाढलंय."

"आयेची पोर मी."

"व्हय," फुला म्हणाली, "म्हणून तर पान वाढलं."

केशर बसली. पहाटेपासून पोटात काही नव्हतं. तिनं भात, वरण, खीर, सगळं संपवलं. काही मागितलं नाही, कुणी विचारलंही नाही. मग मजूर करतात तसं आपलं पान आपणच उचललं, दगडी गडग्यापलीकडं टाकलं, बसली होती तेवढी जागा शेणानं सारवली आणि हात धुऊन चालू लागली. कोनशेतला ती त्यानंतर गेली नाही.