बघितल्याची खूण

चौगुले मॅडमनी मला वाचवलं. काय झालं ते पुढं सांगतो, आधी त्यांचं नाव. नववीत शाळा सोडून भंडाऱ्याहून कोल्हापुरात आलेल्या माझ्या बाजूनं बोलणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं.

पोलिसांसाठी संगणकातून पुरावा काढणं हे त्यांचं काम. कुठल्याही खोलीत शिरल्या की हात पाठीमागं बांधून बराच वेळ नुसत्या बघत उभ्या राहायच्या. "हात लावला, की आपण बी त्या खोलीत मिसळलो," म्हणायच्या.

शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसातही त्या दुपारी तशाच उभ्या राहिल्या. समोर अण्णांची रिकामी खुर्ची. अण्णा आमचे मालक, मी तिथं झाडलोटीला. हुपरीच्या चांदी-कारागिरांसाठी पैंजणांचे नमुने संगणकावर काढायचे. भाद्रपदात ते वारले. दिवाळीत त्यांचे नवेकोरे नमुने दुसऱ्याच दुकानात दिसले. त्यांचा मुलगा विजय यानं संगणक उघडून पाहिला, तर प्रत्येक नमुन्यावर शेवटच्या बदलाची तारीख अण्णा गेल्यानंतरची. ऑफिस तर तेव्हा बंद होतं! शेजारचे कुजबुजू लागले, अण्णाच येऊन बसतात. झाडताना त्या खुर्चीकडं पाठ करायला मला भीती वाटायची.

विजयला तसलं काही पटत नव्हतं. "किल्ली ह्याच्याकडं हुती की! भूत न्हाय न् काय न्हाय, ह्योच चोर हाय," तो पोलिसांसमोर ओरडला. "उद्या गावाकडं पळंल, मग बसा हुडकत."

मॅडमनी त्यालाच विचारलं, "तुम्ही ह्यो संगणक कितीदा चालू केलासा?"

"पावण्यारावळ्यांना तारखा दावायला... चार-पाच डाव."

"मयतावरची चादर येणारा-जाणारा उचलून बघतोय व्हय? आता कुणी बटण दाबायचं न्हाय."

मग मला म्हणाल्या, "पावणं, आळ तुमच्यावर हाय. तुमच्या डोळ्यांदेखत झालं पायजे. बसा हितं."

मी बसलो. न केलेलं काहीतरी माझ्या नावावर निघेल, ही धास्ती होतीच. त्यांनी एकेका वायरीचा फोटो काढला, दोन पंच बसवले. संगणक चालू न करताच त्यातली डिस्क काढली आणि फक्त वाचू देणाऱ्या, लिहू न देणाऱ्या एका डबीला जोडली. डिस्कची जशीच्या तशी नक्कल उतरवली. दोन्हींतल्या मजकुरावरून निघणारे लांबलचक आकडे जुळल्यावर म्हणाल्या, "अंगठा जुळला. आता मूळ डिस्क सीलबंद. छेडायचं ते नकलेला."

नक्कल उघडली आणि अण्णांनी पुसून टाकलेली चित्रं पडद्यावर येऊ लागली. अर्धं पैंजण. नुसता घोटा. बोटं नसलेलं पाऊल. मॅडम हळूच म्हणाल्या, "पुसलं म्हंजे गेलं न्हाय. नाव तेवढं निघतंय, अंग तिथंच पडून ऱ्हातंय."

तारखांचा दिवस एकच निघाला. खंडेनवमी. एकामागून एक सगळे नमुने उघडलेले. मग मॅडमनी आपण काढलेला कीबोर्डचा फोटो मोठा केला. ‘वाय’ अक्षराच्या बटणावर लाल डाग होता. एक पंच दचकून मागं सरकला.

"कुंकू हाय ते," मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी हितं कोण आलतं?"

दारातून काकींचा, अण्णांच्या बायकोचा आवाज आला. "मीच आलते. घरच्या किल्लीनं."

"आई, तू?" विजय उठलाच.

"घरात सण केला न्हाई. पण ह्यांचं हत्यार बिनपूजेचं कसं ठिवायचं? ह्यांनी काढल्यालं एकेक बघितलं. बंद करताना संगणक इच्यारायचा, बदल ठिवू का. थोरल्या लेकीनं शिकवलतं, वाय म्हंजे व्हय. ह्यांच्या कामाला न्हाई कसं म्हणू?"

"मग नमुनं गेलं कसं?" विजय पुटपुटला.

पुसून टाकलेला एक मेल मॅडमनी उघडून दाखवला. अण्णांनी स्वतः, जिवंतपणी, त्या दुकानदाराला नमुने पाठवले होते. विजय वडिलांच्या नावाकडं बघतच राहिला. काकींनी पदर तोंडाला लावला.

मी मॅडमच्या पायाशी वाकलो. त्या मागं सरल्या. "पाया पडू नका. उलटं निघालं असतं, तर तेबी ह्याच आवाजात सांगितलं असतं."

अजून ते वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो. पण त्यांनी अहवालात लिहिलेला ‘निर्दोष’ हा शब्द कुणी हलवू शकला नाही, तो त्या आवाजामुळंच.

आता मी सुरतेत कामाला आहे. मॅडम, तुमच्या कामावर कधी कुणी बोट ठेवलं, तर ते ज्याच्या डोळ्यांदेखत झालं तो माणूस जिवंत आहे. निरोप धाडा. असेन तिथून साक्षीला येईन.