ज्याची त्याची खाच

गुणवंता मिस्त्रीला लकवा झाला तेव्हा तो सावरगावात एका घराची चौकट बसवत होता. लोकांनी आधी चौकट धरली, मग मिस्त्रीला. हे तो स्वतःच सांगायचा आणि त्यात त्याला काही गैर वाटत नसे. "चौकट पडली असती तं सांधे ढिले झाले असते," म्हणायचा.

ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. आम्ही पांढुर्ण्याला एकाच वस्तीत राहायचो, बुद्धविहाराच्या मागच्या बाजूला. मी रोज बसने सौंसरला जाऊन एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळत असे. मिस्त्रीचा उजवा हात आणि उजवा पाय गेला. पाय पुढे काठीच्या आधाराने थोडाफार परत आला, हात आला नाही. जीभ मात्र शाबूत राहिली. डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे. त्याच्या बायकोने, प्रमिलाबाईने, त्यावर काही मत दिलं नाही.

प्रमिलाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून दोन माणसांनी ओढायच्या मोठ्या करवतीचं दुसरं टोक तिच्या हातात होतं. फळी धरायची, रंध्याच्या पात्याला धार लावायची, खुंट्या तासायच्या, हे सगळं ती करत असे. पण बायको कामात मदत करते का असं कोणी विचारलं की मिस्त्री म्हणे, "धरते."

आजारानंतर मिस्त्री दिवसभर ओसरीतल्या खाटेवर पडून असे. उशाशी एक स्टूल, आणि स्टुलावर चष्मा, तंबाखूची डबी, चुन्याची डबी, औषधाची बाटली, काडीपेटी. डाव्या हाताला सवय नव्हती. चष्मा घ्यायला जावं तर बाटली पडे, बाटली धरावी तर डबी घरंगळत खाटेखाली जाई. मग मिस्त्री ओरडे आणि प्रमिलाबाई तव्यावरची भाकर टाकून धावत येई. एक दिवस भाकर जळली. तिने ती जळालेली भाकर बाजूला ठेवली, कोपऱ्यातून फळीचा एक उरलेला तुकडा काढला, नवऱ्याची पटाशी घेतली आणि अंगणात बसली.

संध्याकाळी तिने तो तुकडा स्टुलावर ठेवला. त्यात पाच खाचा होत्या. लांबट खाच चष्म्याची, दोन गोल खाचा डब्यांच्या, खोल खाच बाटलीची आणि चौकोनी खाच काडीपेटीची. न बघता हात फिरवला तरी हवं ते हाती यावं, आणि धक्का लागला तरी काही पडू नये, असा तो प्रकार होता.

"हे काय हाये?" मिस्त्रीने विचारलं.

"पाटी."

"याले सुतारकाम नाई म्हणत."

"म्या कुठी म्हटलं?"

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री दुसऱ्या कारणांसाठी ओरडू लागला.

मी त्याला बघायला गेलो तेव्हा त्याच्यापेक्षा जास्त वेळ त्या पाटीकडेच बघत बसलो. माझं कार्यालयातलं टेबल म्हणजे एक उकिरडा होता. शिक्के, शाईचं पॅड, टाचण्या, डिंकाची बाटली, कागदाला भोक पाडायचा टोच्या, सगळं फायलींच्या खाली कुठेतरी असे. त्यावर पंखा. पंखा लावला की कागद उडत, बंद केला की साहेब उडत. मी प्रमिलाबाईला म्हटलं, "वहिनी, असं काही माझ्या टेबलासाठी होईल का?"

"सामान घेऊन या," ती म्हणाली.

रविवारी मी थैलीत सगळं घेऊन गेलो. तिने ते ओसरीत जमिनीवर मांडलं आणि मला समोर बसवलं. "काम करून दाखवा मनोहरभाऊ. कागद आला, मंग काय करता?" मी हवेतला कागद घेतला, शिक्का पॅडवर दाबला, जमिनीवर मारला, टाचणी लावली. ती माझा हात कुठून कुठे जातो ते बघत होती. मध्येच एखादी वस्तू उचलून जरा इकडे सरकवायची आणि म्हणायची, "आता पुन्हा." मी पुन्हा हवेतला कागद घ्यायचो.

खाटेवरून मिस्त्री बघत होता. "ऑफिसात हेच करता का दिवसभर?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं.

तिने केलेली पाटी मी टेबलावर ठेवली. शिक्के खाचेत उभे, टाचण्या वाटीसारख्या खोलगट भागात, कडेला पेन, आणि पुढे हातातल्या एका कागदापुरती मोकळी जागा. मला काही शोधावं लागेना. शोधायचं नसलं की माणूस बराच शांत होतो, हे मला तेव्हा कळलं. टेबल इतकं रिकामं दिसू लागलं की याच्याकडे काम कमी आहे असं समजून साहेबांनी मला आणखी एक रजिस्टर दिलं. तरीही आमचे मोठे बाबू दादाराव यांनी तसलीच पाटी मागितली. फक्त त्यांना अडकित्त्यासाठी वेगळी खाच हवी होती. मग आणखी दोघातिघांनी मागितली.

असं होत होत ती गोष्ट रघुनाथरावांच्या कानावर गेली. रघुनाथराव सौंसरजवळचे संत्र्यांचे बागाईतदार. तिथल्या बागवाल्यांनी एक संस्था काढली होती, हे तिचे अध्यक्ष. संस्थेला नवी इमारत झाली होती आणि उद्घाटन भर उन्हाळ्यात ठरलं होतं. त्यांची एक जुनी बाग रोग पडून वाळायला लागली होती, ती त्यांनी नुकतीच उपटली होती. त्यांच्या मनात आलं की संस्थेच्या सगळ्या टेबलांवर त्याच झाडांच्या लाकडाच्या पेनदाण्या, पाट्या आणि पेपरवेट असावेत. त्यांनी टेंपो भरून लाकूड पांढुर्ण्याला पाठवलं.

प्रमिलाबाईने ओंडका कापला तर आतून पिवळं, गुळगुळीत, बारीक पोताचं लाकूड निघालं. ती सारखा त्यावरून हात फिरवत होती. मिस्त्रीने एक तुकडा मागून घेतला, गालाला लावला, परत दिला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

तिने सगळा हिवाळा ते काम केलं. पेनदाण्या ओसरीत रांगेने मांडल्या होत्या. येणारा जाणारा थांबून बघे. मग ऊन तापू लागलं आणि एका सकाळी फुटाणे फुटल्यासारखा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला. दुपारपर्यंत एकही पेनदाणी धड राहिली नाही. एकेकीला वरपासून खालपर्यंत बोट जाईल एवढी भेग. मी संध्याकाळी बसमधून उतरून गेलो तेव्हा ती त्यांच्या मधोमध बसलेली होती.

"ओलं होतं," मिस्त्री खाटेवरून म्हणाला. "संत्र्याचं लाकूड ओलं कापलं की उकलतेच. टोकाले मेण लावून सावलीत वर्षभर ठेवा लागते."

तिने मान वर केली. "तुमाले माईत होतं?"

"माईत होतं न."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"मले कोणी इचारलं?" मिस्त्री म्हणाला. "रघुनाथरावाचा माणूस आला, तो तुह्याशीच बोलला. मी इथंच होतो. मले म्हणे, पाय कसा हाये."

प्रमिलाबाई उठली आणि तिने चूल पेटवली. त्या दिवसापासून तिचं बोलणं बंद झालं. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, पाय चोळणं वेळेवर. त्यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त आवाज नव्हता. जीभ तेवढी शाबूत असलेल्या माणसाला ते फार जड गेलं. मिस्त्री आधी ओरडला, मग भाजीची तारीफ केली, मग मला हाक मारून माझ्याशी बोलता बोलता तिला ऐकवू लागला. ती भांडी घासत राही.

मागच्या खोलीत भिंतीला टेकून सागवानी दाराची एक जोडी उभी होती. मिस्त्रीने ती स्वतःच्या पक्क्या घरासाठी तरुणपणी केली होती. वरच्या भागात पिंपळपानांची वेल कोरलेली. दार झालं होतं, पक्कं घर व्हायचं होतं. जागा लागली की ती जोडी या भिंतीकडून त्या भिंतीकडे जायची, एवढाच तिचा प्रवास.

एक दिवस मिस्त्री छपराच्या कवेलूंकडे बघत म्हणाला, "ते दार काप."

प्रमिलाबाई थांबली. "काहून?"

"वाळलेलं हाये. आता त्याच्याइतकं वाळलेलं लाकूड पांढुर्ण्यात नाई."

"घराचं दार हाये ते."

"घर कुठी हाये?"

ती मागच्या खोलीत जाऊन दारावरून हात फिरवून आली. मग तिने विचारलं, "वेल कशी कापू? मधून कापली तं पानं तुटतीन."

"मी रेघा मारून देतो."

दार ओसरीत आडवं टाकलं. मिस्त्री त्याच्या बाजूला जमिनीवर बसला, काटकोनाचा गुण्या दाबून धरायला तिला सांगितलं आणि डाव्या हातात पेन्सिल घेऊन रेघा मारू लागला. रेघा वाकड्या आल्या. प्रमिलाबाईने प्रत्येक वाकड्या रेघेच्या बाजूला आपली सरळ रेघ मारली आणि तिच्यावर करवत धरली. मिस्त्री तेव्हा नेमका तंबाखूची डबी चाचपत असायचा. पुढचे सगळे दिवस दोघं भांडत होती. खाच किती खोल, कड किती गोल, पेपरवेटच्या बुडाला कापड लावायचं की नाही. वस्तीला हायसं वाटलं.

काम उद्घाटनाच्या आधी झालं. मी आणि प्रमिलाबाई पोती घेऊन बसने सौंसरला गेलो. तिने रघुनाथरावांना सरळ सांगितलं, "तुमचं लाकूड उकललं, भाऊ. चूक आमची झाली. हे सागवान हाये." रघुनाथरावांनी एक पेनदाणी हातात घेऊन फिरवली. तिच्या अंगावर दीड पिंपळपान होतं. "डिझाइन चांगली हाये," ते म्हणाले.

दोन दिवसांनी मी संस्थेत सहज डोकावलो तेव्हा ते कोणाला तरी सांगत होते की हे सगळं माझ्या बागेतल्या संत्र्याचं लाकूड. मी घरी येऊन ते मिस्त्रीला हसत सांगितलं. मिस्त्री हसला नाही.

"संत्र्याचं?"

"बोलायची गोष्ट हो. कोण बघून राहिलं?"

"मले सौंसरले न्या," तो म्हणाला.

आजारापासून तो अंगणाच्या बाहेर गेला नव्हता. उद्घाटनाच्या सकाळी मी आणि कंडक्टरने मिळून त्याला बसमध्ये चढवला. कंडक्टरने विचारलं, "दवाखान्यात का?" मिस्त्री म्हणाला, "नाई. लाकडाचं काम हाये."

मांडव टाकला होता, खुर्च्या होत्या, माईक होता. आजारी माणूस म्हणून त्याला अगदी पुढे बसवलं. रघुनाथरावांनी भाषणात बागेचा इतिहास सांगितला, रोगाचा सांगितला, आणि टेबलाकडे हात करून म्हणाले, "झाडं गेली, पण थे आज इथं या रूपानं हायेत."

"सागवान हाये," मिस्त्री म्हणाला.

रघुनाथरावांना ऐकू आलं. ते म्हणाले, "तेच ते."

"तेच ते नाई." मिस्त्री काठीवर भार देऊन उभा राहिला. उभं राहायला वेळ लागला, तेवढा वेळ सगळे थांबले. "सागवान हाये. आमच्या घरचं दार होतं थे. आन लोक म्हणतीन मिस्त्रीनं केलं, तं मी निस्त्या रेघा मारल्या. त्याबी वाकड्या. काम सारं हिचं हाये."

लोकांनी प्रमिलाबाईकडे बघितलं. तिने पदर सारखा केला आणि समोर बघत राहिली. रघुनाथराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी माईकमध्ये "सागवान" असं एकदा स्पष्ट म्हटलं आणि भाषण पुढे नेलं. मग संत्र्याचं सरबत आलं आणि लोक तिकडे वळले.

परतीच्या बसमध्ये दोघं माझ्या पुढच्या सीटवर होती. सौंसर मागे पडलं.

"वाकड्या होत्या, हे तुमाले माईत होतं?" तिने विचारलं.

"तुले दिसल्या नाईत का?"

"दिसल्या."

"मंग सांगतलं काहून नाई?"

प्रमिलाबाई खिडकीबाहेर बघून हसायला लागली. तोंडाला पदर लावला तरी तिचे खांदे हलत होते. मिस्त्री रागाने समोर बघत होता, आणि मग तोही हसला, अर्ध्या तोंडानेच, कारण दुसरं अर्धं हलत नव्हतं.

पुढच्या वर्षी दोघांनी संत्र्याचे ओंडके मेण लावून सावलीत वाळवले. त्या लाकडाच्या वस्तू टिकल्या. छिंदवाड्याच्या, नागपूरच्या माणसांनी मागवून नेल्या. काही खाचा पटाशीने जमत नव्हत्या, त्या ती तापलेल्या सळईने करायला शिकली. शेवटी जवसाचं तेल चोळायचं काम मिस्त्रीने आपल्याकडे घेतलं, कारण ते एका हाताने होतं. तेलाचा असा हात पांढुर्ण्यात दुसऱ्या कोणाचा नाही, असं तो सांगे. प्रमिलाबाई कामात कशी आहे असं कोणी विचारलं तर तो चिंधी बाजूला ठेवून, नीट विचार करून म्हणायचा, "चांगली हाये. पण आयकत नाई."