शेवटचं अर्धं मिनिट

“तुम्ही मॅडमना माईक बंद झाला असं सांगितलं होतं का? हो की नाही, एवढंच सांगा.”

मुंबईहून एका टीव्ही मालिकेचा मॅनेजर फोनवर होता. मी नंदुरबारच्या आमच्या केबल न्यूज चॅनलच्या जिन्यात उभा. वर केबिनमध्ये आमचे संपादक साहेब, दार उघडं. मी एक पायरी उतरलो, परत चढलो.

मी साउंड रेकॉर्डिस्ट. दुसऱ्यांचं बोलणं कानात घ्यायचं, हीच नोकरी. स्वतः कमी बोलतो. हा प्रकार आजवर घरातही सांगितलेला नाही.

मीनल आमच्या तापीकाठची. मालिकेतली सून म्हणून घराघरांत पोचलेली. सारंगखेड्याच्या जत्रेतल्या घोडेबाजारात ती पाहुणी म्हणून आली, तेव्हा आम्ही तिची मुलाखत घेतली. तिच्या पदराला मी लेपल लावला. लेपल म्हणजे कपड्याला अडकवायचा बटणाएवढा माईक. आवाज माझ्या कमरेच्या रेकॉर्डरमध्ये येतो. मुलाखत संपली तरी मी रेकॉर्डर लगेच थांबवत नाही. मागची गर्दी, घुंगरं, भोंगे, असा अर्धं मिनिट आवाज घ्यावा लागतो. एडिटिंगमध्ये दोन तुकडे जोडताना तो खाली पसरला की सांधा कळत नाही. याला अ‍ॅम्बियन्स म्हणतात. पाहुण्याला मात्र मी ‘बंद झाला’ म्हणायचो. चालू आहे म्हटलं की माणूस ताठरतो, पुन्हा पुन्हा विचारत बसतो. सवयच होती ती.

“दादा, माईक बंद व्हयना का?” तिने आमच्या अहिराणीत विचारलं, झाला का म्हणून.

“व्हयना, ताई.”

समोर एक पांढरा घोडा ढोलावर नाचत होता. ती शेजारच्या मोठ्या बहिणीला म्हणाली, “अक्का, घोडा हौसनं नाचस का? त्याले कोनी इचारं? माले तं देखवत बी नही. पन बोलू कोनले? मी बी तेच करस.”

हेडफोनमध्ये मी ऐकलं. खरं बोलली, असं वाटलंही.

ऑफिसात मेमरी कार्ड घेताना साहेब म्हणाले, “नेहमीचंच गोडगोड ना?”

“शेवटचं अर्धं मिनिट ऐका,” मी म्हणालो.

हे वाक्य माझं. कोणी दबाव आणला नव्हता. साहेब सहसा माझ्याकडे मान वर करून बघत नाहीत. त्या दिवशी बघितलं.

संध्याकाळी स्क्रीनवर पट्टी फिरली: ‘जत्रेची लाज वाटते – मीनल.’ लाज हा शब्द तिने उच्चारलाच नव्हता. ‘मी बी तेच करस’ कापलेलं. सांधा कळू नये म्हणून खाली पसरलेला अ‍ॅम्बियन्स माझाच.

दोन दिवसांत तिच्या पोस्टरला काळं फासलं गेलं. घोडेवाल्यांनी नाही. त्यांच्यातला एक म्हातारा तर मला म्हणाला, “काय खोटं बोलनी पोर?” पण मोबाईलवर मालिकेच्या बहिष्काराची भाषा सुरू झाली होती. तिच्या करारात होतं, वादग्रस्त मत जाहीरपणे मांडायचं नाही. ती म्हणत होती, मी जाहीर बोललेच नाही, माईक बंद झाला असं मला सांगितलं होतं. तिचं काम राहणार की जाणार, ते या एका गोष्टीवर अडलं होतं. म्हणून तो फोन.

“हॅलो? ऐकताय ना?”

“आठवत नाही,” मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात मालिकेतली सून माहेरी गेली. परतली तेव्हा चेहरा दुसरीचा होता.

मला मात्र चैन पडेना. हेडफोन काढला तरी कानात घुंगरं. शेवटी तिच्या अक्काकडून नंबर मिळवला. फोनवर सगळं सांगितलं, जिन्यातल्या पायरीसकट. म्हणालो, “लेखी देतो, ताई. म्हणाल तिथे.”

तिने आधी एकच विचारलं.

“दादा, हाई रेकॉर्ड व्हई ऱ्हायनं का?”

“नही, ताई.”

“तवय बी असंच बोलनात तुम्ही.” तिने फोन ठेवला.

पत्र मी मालिकेच्या मॅनेजरला पाठवलं. पोचल्याची पावती आली, उत्तर आलं नाही. साहेबांना पत्राची प्रत दिली, तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

आता मी लेपल आधी काढून खिशात ठेवतो, मग पाहुण्याला ‘बंद झाला’ म्हणतो. अ‍ॅम्बियन्स नंतर घेतो, गर्दीत एकटा उभा राहून. जास्त वेळ लागत नाही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.