घरचा फॉर्म

चितेगावची सुलेखा आशा सेविका, म्हणून सारं गाव तिला आशाताई म्हणतं. बाई तोंडाची फटकळ, पण कामाला वाघ. कुणाच्या लेकराचा लसीचा डोस चुकला की दारात उभी राहून घरच्यांची अशी खरडपट्टी काढते की शेजारीपाजारी गुपचूप आपापल्या लेकरांची कार्डं काढून बघतात.

या उन्हाळ्यात आरोग्य केंद्रातून मनाच्या आजारांचा फॉर्म आला. सुलेखा आधी वैतागलीच. "लोक म्हणतील, आम्ही काय येडे हाव का!" पण प्रशिक्षणाला गेली आणि कान टवकारून बसली. झोप उडते, भूक मरते, कशातच जीव रमत नाही, आणि हे दोन आठवडे हटत नाही, तर ते नैराश्य असू शकतं, असं तिथं कळलं.

मग काय, निघाली घरोघर. कारभारी नावाच्या एका गड्याच्या छातीत एकाएकी धडधड व्हायची, दरदरून घाम फुटायचा, आता मेलो असं वाटायचं. दोनदा ईसीजीची पट्टी काढली, तर हृदय ठणठणीत! सुलेखानं त्याच्या नावापुढं चिंतेच्या आजाराची खूण केली. आवडाबाई कुलूप लावून चार पावलं जायची, परत येऊन ओढून बघायची, असं दहा-दहा वेळा. गल्ली हसायची. सुलेखा नाही हसली.

"मावशी, कुलूप लागलंय हे कळतं ना तुम्हाला?"

"कळतं गं. मन ऐकत नाय."

तिलाही डॉक्टरकडं जायची चिठ्ठी दिली.

उरलं स्वतःचं घर. फॉर्म जमा करायच्या दिवशी सकाळी, भाजी परतता परतता तिनं सासूच्या नावापुढं भराभर 'नाही, नाही' लिहून टाकलं. विचारायचं काय त्यात? कडूबाई समोरच तर बसलेली! हल्ली म्हातारी अंग दुखतंय म्हणून पडून असायची, अर्धी भाकर ताटात तशीच टाकायची, विहारात वंदनेलाही जाईनाशी झालेली. सुलेखाच्या मते ही निव्वळ नाटकं होती.

"कुणाचं लिव्हलंस?" कडूबाईनं विचारलं.

"तुमचं, आत्या."

"साऱ्या गावाला इचारीत हिंडलीस. मला नाय इचारलंस."

सुलेखाला आधी राग आला, मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं गॅस बंद केला, सासूपुढं मांडी घातली आणि पहिल्यापासून विचारायला लागली. झोप? पहाटं तीनलाच डोळा उघडतो. भूक? तोंडाची चवच गेली. कशात मन लागतं? नाय. म्हातारी सरळ सांगत गेली. शेवटच्या प्रश्नाला मात्र सुलेखाची जीभ अडखळली.

"मरून जावं असं मनात येतं का, आत्या?"

"येतं की. रोज येतं."

सुलेखानं नवऱ्याला, अतुलला, कंपनीत फोन लावला. "सुट्टी टाका अन् या." तो येईपर्यंत तिनं सासूचा हात सोडला नाही. दुपारी तिघं शहरातल्या दवाखान्यात, मनाच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसली होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हे नैराश्य आहे. गोळ्यांनी आणि बोलण्यानं बरं होतं. तूर्त आजींना एकटं सोडू नका." मग सुलेखाला विचारलं, "कधीपासून आहे हे?"

अख्ख्या गावाच्या डोसांच्या तारखा तोंडपाठ असलेली सुलेखा चाचपडली. "झाले असतील... पंधरा दिवस."

कडूबाई खाली मान घालून म्हणाली, "दसऱ्यापासून."