पुसलेला सिफर

उर्दू आकड्यांत शून्य, म्हणजे सिफर, गोल नसतं, नुसता ठिपका असतो. हे मला माहीत नव्हतं असं मी आजवर बऱ्याच जणांना सांगत आलो. ते खोटं आहे. मला माहीत होतं. मला ते तोंडावर सांगितलं गेलं होतं आणि सांगणाऱ्याची मी थट्टा केली होती.

नोकरीभर मी नांदेडच्या एका कॉलेजात शिकवलं. शेवटची काही वर्षं डिजिटल प्रतिमांचा विषय माझ्याकडे होता. फोटोत किंवा स्कॅनमध्ये नको असलेलं जे काही मिसळतं त्याला या विषयात नॉइज म्हणतात, म्हणजे गोंगाट. तो काढायचा तर आधी तो कसा आहे हे ओळखावं लागतं. बारीक रव्यासारखा सगळीकडे आहे, की पट्ट्यापट्ट्यांनी आलाय, की काळे ठिपके शिंपडल्यासारखा? या ठिपक्यांना पुस्तकात मीठ-मिरी म्हणतात. मी वर्गात तांदळातले खडे म्हणायचो. आणि दर वर्षी बजावून सांगायचो, "काढलेले खडे फेकण्याआधी एकदा ताटात पसरून बघा. त्यात तांदूळ दिसला तर तुमचं निवडणं चुकलं."

निवृत्तीनंतर लातूरला मुलीकडे राहायला आलो. तिथं एका खाजगी एजन्सीनं निजामाच्या काळातली जमिनीची उर्दू पहाणी-पुस्तकं, म्हणजे कोणत्या सर्व्हे नंबरात कोणाची जमीन याच्या नोंदी, स्कॅन करायचं काम घेतलं होतं. पानं पिवळी, डागाळलेली, कसरीनं खाल्लेली. ती साफ करायला मला बोलावलं. मी हरखून गेलो. आयुष्यभर फळ्यावर केलेलं गणित आता खऱ्या कागदावर चालणार होतं.

मी पानांचे कोरे समास घेतले. तिथं अक्षर नसतं, म्हणजे तिथं जे दिसतं तो निव्वळ गोंगाट. त्यातल्या ठिपक्यांचा आकार आणि काळेपणा मोजून नियम बसवला: एवढ्याहून लहान आणि एकटा असलेला ठिपका म्हणजे धूळ. उर्दूत अक्षरांनाही नुक्ते, म्हणजे ठिपके, असतात, तेवढं भान मला होतं. म्हणून अक्षराच्या जवळचा ठिपका ठेवायचा आणि लांबचा काढायचा, अशी सोय केली. फार हुशारी केली असं तेव्हा वाटलं. पानं आत्ताच छापल्यासारखी दिसायला लागली. बघायला आलेले साहेब म्हणाले, "वा सर, कागदाचा जन्मच बदलला!" त्या वाक्यावर मी कितीतरी दिवस जगलो.

साफ पानं वाचून मराठीत उतरवायला उदगीरकडचे एक निवृत्त उर्दू मास्तर होते. पान दाढीजवळ धरून वाचायचे. रेणापूरकडच्या एका गावाचं पुस्तक चालू होतं. त्यांनी मला हाक मारली.

"साब, ये गाँव को दस नंबर हैच नहीं क्या? नौ के बाद फिर एक, फिर ग्यारा. बीस नहीं, तीस नहीं. और चार नंबर दो बार आरा."

"मास्तर, चष्मा बदला."

"मैं चष्मा बदलूँ? तुम छलनी बदलो! सिफर खा गई तुम्हारी मशीन. इत्ता गोरा नक्को करो साब, कागज है, दुल्हन नहीं."

सगळे हसले. मीही हसलो.

पण त्याच दुपारी मी पसरलेलं ताट बघितलं. प्रत्येक पानातून जे काढलं जायचं ते मी वेगळं चित्र म्हणून साठवत होतो, शिकवायचो तसंच. त्या गावाच्या पानातला काढलेला कचरा उघडला. पानभर विखुरलेली धूळ होती आणि आकड्यांच्या रकान्याच्या जागी, वरपासून खालपर्यंत, ओळंब्यात सोडल्यासारखे ठिपके एकाखाली एक होते. त्या गावाचा लिहिणारा आकडे फार पसरट लिहायचा, शून्य लांब टाकायचा. माझ्या नियमानं ते एकटं ठरलं.

धूळ रांगेत उभी राहत नसते. हे कळायला प्राध्यापक असावं लागत नाही.

मी फाइल बंद केली. का, ते आज लिहितो. आधीच्या गावांची साफ पानं देऊन झाली होती. डिस्कवर जागा अडते म्हणून मूळ स्कॅन पुसून टाकायला मीच लेखी सांगितलं होतं. मूळ पुस्तकं तर हाताळतानाच तुटत होती, गठ्ठ्यात भुगा उरला होता. चूक कबूल केली असती तर सगळ्याच गावांवर शंका आली असती. आणि कागदाचा जन्म बदलणारा माणूस उघडा पडला असता. मास्तर दोन-तीनदा बोलले, मग त्यांनीही समोर दिसतं तसं उतरवलं. ते गेले तेव्हा मी मातीला गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार?

मग एक दिवस एक बाई दारात आल्या. रेणापूरकडच्या त्याच गावच्या. साठीच्या, पांढरी साडी, हातात प्लास्टिकची फाइल. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. पत्ता त्यांनी त्या एजन्सीतून काढला होता.

"सर, ती पानं तुमीच साफ केलीत म्हणं?"

"हो."

"मग आमच्या आज्याचं नाव चार नंबरात कसं गेलं? चाळीस नंबरात आमची विहीर हाय, आज्यानं खांदलेली. बाप गेल्यावर भावाचं नाव लावायला गेलो, तर साहेब म्हणतेत, पुस्तकात चार लिहिलंय. चार नंबर गायरान हाय. म्हणजे आमचा आजा गायरान दाबून बसला व्हता म्हणं! गावातले लोक भावाला तोंडावर म्हणून राहिलेत, निघा आता. बाबासाहेबांच्या मागं गेलेली माणसं आमी, आज्यानं त्या रानासाठी काय काय सोसलं, ते आमाला म्हाईत."

मी म्हणालो, "ताई, पान होतं तसंच आहे. मशीन काही स्वतःहून लिहीत नाही."

"लिहीत न्हाई, हाव. पण पुसती का?"

मी चहाचं विचारलं.

"चहा ऱ्हाऊ द्या. तीस वर्षं दवाखान्यात काढली मी. एक्स-रेवर डाग दिसला तर डॉक्टर म्हणायचे, पुन्हा काढा. पुसून आणा, असं एकानं बी म्हणलं न्हाई."

त्या गेल्या आणि मला स्वतःचा एवढा राग आला की फळीवरची माझी पुस्तकं जड वाटायला लागली. ज्या माणसाचं नाव त्या कागदावर चढायला त्याची हाडं झिजली, त्याच्या नावापुढचा ठिपका मी दिसायला बरं म्हणून खाल्ला होता. वर त्याच्या नातीसमोर मशीनच्या आड लपलो!

मूळ स्कॅन नव्हते, पण कचरा माझ्याकडे होता. या पद्धतीवर कधीतरी भाषण देईन, या हौसेपायी मी ती चित्रं माझ्या डिस्कवर ठेवली होती. डिस्क शोधली, पान शोधलं. साफ पान आणि त्यातून काढलेला कचरा एकत्र केला की मूळ पान परत मिळतं. ही निव्वळ बेरीज आहे, यात माझं मत कुठंच नाही. बाईंच्या आजोबांच्या नावासमोर चार होता, आणि चारच्या उजवीकडे, जरा लांब, ठिपका. चाळीस.

छापील पान घेऊन मी आधी त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं, मास्तरांसकट. त्यांनी पानावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे मी आले तवाबी तुमाला ठाऊक व्हतं."

"हो."

त्या उठल्या, चप्पल घातली. "चला कचेरीत."

कचेरीतल्या साहेबांनी पान उलटसुलट केलं. "सर, हे तुम्ही कचऱ्यातून काढलंय. कचऱ्याला पुरावा कसा म्हणू? आमची अधिकृत प्रत स्वच्छ प्रत आहे."

माझा आवाज चढला. "साहेब, ती स्वच्छ प्रतही मीच केलीय. मी पुसलं ते तुम्ही डोळे झाकून घेतलं, आणि मीच परत आणतोय तर कचरा? दहा, वीस, तीस नंबर गावात नाहीत, चार दोनदा आहे, हे एकानंही विचारलं नाही? उर्दू मास्तरांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं!"

"आवाज खाली, सर. शपथपत्र करून आणा. मग सुनावणीत बघू."

बाहेर झाडाखाली टायपिंगवाल्याचं टेबल होतं. मी मजकूर सांगायला लागलो: तांत्रिक कारणास्तव सदर पानावरील काही चिन्हे अनवधानाने वगळली गेली असून...

"थांबा," बाई म्हणाल्या. "कोणी वगळली?"

"तशी भाषा असते, ताई."

"आमाला तर सरळ लिहिलं त्यांनी, अतिक्रमण केलं म्हणून. तवा न्हाई आडवी आली भाषा. तुमीबी सरळ लिहा. कोणी पुसलं?"

टायपिंगवाल्याची बोटं थांबली होती. मी नव्यानं सांगितलं: हे शून्य मी पुसले. ते शून्य आहे हे मला उर्दू मास्तरांनी तेव्हाच सांगितले होते. मी स्वतः तपासून पाहिले आणि गप्प बसलो. मूळ स्कॅन माझ्या सांगण्यावरून पुसले गेले.

"आणि बाकीची गावं?" बाईंनी विचारलं. "आमचंच एक व्हतं का?"

त्याच नियमानं साफ केलेल्या बाकीच्या गावांची नावं मी सांगायला लागलो. चौथ्या नावाला टायपिंगवाल्यानं मान वर केली. "सर, असं कोणी लिहून देतं का? एकदा वकिलाला तरी विचारा."

"टाइप करा," मी म्हणालो, आणि पाचवं नाव सांगितलं.