तोंड मिटून खुडायचा पाला

इसिल्डामावशीच्या कुंपणाला झाडूपाला माजला आहे. काड्यांचे झाडू होतात, सालीच्या वाखाची बकरीला दोरी होते आणि पाला औषधाला. पाण्यात चुरडला की फेस येतो. घामोळं आलेल्या पोरांना त्यानेच न्हाऊ घालतात. सर्दीला काढा, गळवाला लेप. किंग्स्टन शहरातली शिकलेली माणसंसुद्धा तिच्या पायरीवर येऊन बसतात, फक्त मागाहून कुणाला सांगत नाहीत.

तिचा एकच नियम, आईकडून आलेला. पाला खुडायला लागलं की घरात येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. बोललं की पाल्याचा गुण गेला. आमच्या गावात 'गुड मॉर्निंग' न म्हणता पुढे जाणं म्हणजे तोंडावर थुंकणं. पण तिच्या हातात जुडी दिसली की आम्ही समजून घेतो. माझा त्या नियमावर फारसा विश्वास नाही, पण गुडघ्यावर लिंबाएवढं गळू आलं की ठेवावा लागतो.

तर त्या सकाळी पाय पसरून मी तिच्या पायरीवर बसले होते. मावशी माझ्यासाठी पाला खुडत होती. तेवढ्यात रस्त्याने मर्व्हा आली, तिची सख्खी धाकटी बहीण. त्यांची आई गेली तेव्हा नवव्या रात्रीच्या जागरणात हीच मर्व्हा सगळ्यांदेखत म्हणाली होती, "एवढा पाला उकळलास, आईला वाचवलंस का?" तेव्हापासून अबोला. चर्चमध्येही एकाच बाकाच्या दोन टोकांना बसायच्या.

मर्व्हा फाटकाशी थांबली. "गुड मॉर्निंग, ताई."

मावशी जागच्या जागी ताठ झाली. आज ही गप्प राहिली, तर मर्व्हा पुन्हा या फाटकाशी यायची नाही.

"गुड मॉर्निंग, मर्व्हा," मावशी म्हणाली.

"अगं बाई! हातात पाला आहे की तुझ्या!" मर्व्हाने जीभ चावली. "माझं लक्षच नाही गं. वाया गेला सगळा!"

"जाऊ दे. पाला उद्याही खुडता येईल. तू उद्या हाक मारशील की नाही, कुणी सांगावं? ये आत, चहा टाकते."

"पुदिन्याचा टाक. तुझा तो कडू काढा नको."

"तुला कोण देतंय काढा!"

जुडी तिने बकरीपुढे टाकली. माझं औषध बकरीने चवीने खाल्लं. आत दोघी आईच्या आठवणी काढून हसत होत्या, मग रडायला लागल्या. मला चहा विचारायचंही कुणाला सुचलं नाही. ठसठसता गुडघा घेऊन मी लंगडत घरी निघाले, आणि खरं सांगते, आनंदाने मला भरून आलं होतं.